वाई ते धोम : पायी चाललेली एक वाट

(मंदिर जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्याच्या दिवशी ग्रामस्थ व देणगीदार यांच्यापुढे केलेले भाषण)



समितीचे दोघे तरुण घरी आले आणि म्हणाले, "गुरुजी, आपल्या देवळाच्या इतिहासावर अर्धा तास बोला." मी म्हणालो, "बाबांनो, इतिहास सांगायला शिलालेख लागतो, सनद लागते. आपल्या देवळात तसे काही नाही. वडीलधारे सांगत आले तेवढेच आपले भांडवल." ते म्हणाले, "मग तुम्हाला काय वाटेल ते बोला." अशी मोकळीक मास्तराला देणे धोक्याचे असते. पण मी जास्त वेळ घेणार नाही. बाहेर पंगतीची तयारी चालली आहे आणि आमटीचा वास इथपर्यंत येतो आहे, याची मला जाणीव आहे.

मी आज तुम्हाला एका दिवसाची हकीकत सांगणार आहे. यंदाच्या माघात माझी नात मुंबईहून चार दिवस राहायला आली. कॉलेजात शिकते. एका संध्याकाळी म्हणाली, "आजोबा, तुम्ही लहानपणी वाईला बाजाराला चालत जायचात म्हणता. मला ती वाट दाखवा ना." माझे वय आता चालण्याचे नाही, पण नातीपुढे नाही म्हणवेना. आम्ही सकाळच्या एस्.टी.ने वाईला गेलो आणि तिथून नदीच्या कडेकडेने वर धोमपर्यंत चालत आलो. अंतर सुमारे आठ किलोमीटर. धट्ट्याकट्ट्या माणसाला दोन तासांचे काम. आम्हाला मध्ये बसत, पाणी पीत, माणसांशी बोलत सारा दिवस लागला.

वाईच्या घाटावर पोचलो तेव्हा नदीवर धुके होते. वाईला सात घाट आहेत, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. प्रत्येक आळीचा घाट वेगळा आणि प्रत्येक घाटावर कृष्णाबाईचा उत्सव वेगळा. पौषापासून पुढे एकामागून एक आळीत हा उत्सव होतो. नदीची मूर्ती मांडवात बसवायची, तिची ओटी भरायची, तिच्या नावाने गावजेवण घालायचे. माहेरी आलेल्या लेकीचे जसे आज या घरी, उद्या त्या घरी जेवण होते, तशी ही नदी आळीआळीने पाहुणचार घेते. माझी नात म्हणाली, "नदीला पाहुणी म्हणून बोलावणारे गाव मी पहिल्यांदाच ऐकते आहे." मी म्हणालो, "अगं, पाहुणी नव्हे, घरची आहे. म्हणून तर तिला बाई म्हणतात." दर बारा वर्षांनी गुरू कन्या राशीत आला की कन्यागत पर्व येते. त्या वर्षी गंगा कृष्णेला भेटायला येते अशी आपली श्रद्धा आहे. मागील पर्व २०१६ साली झाले, तेव्हा तुमच्यापैकी बरेच जण स्नानाला गेले होते.

मग आम्ही ढोल्या गणपतीला गेलो. हे देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली बांधले. सगळे लोक पुढून दर्शन घेतात, प्रदक्षिणा घालतात आणि निघतात. मी नातीला मुद्दाम मागच्या बाजूला नेले आणि म्हटले, "ही भिंत नीट बघ." तिने पाहिले आणि विचारले, "ही सरळ का नाही? माशाच्या तोंडासारखी निमुळती का केली आहे?" हाच प्रश्न मला हवा होता. देऊळ अगदी नदीच्या काठावर आहे. पावसाळ्यात पूर आला की पाणी पाठीमागून येऊन आपटते. भिंत सपाट असती तर पाण्याचा सगळा जोर तिने खाल्ला असता. निमुळती केल्यामुळे पाणी दोन्ही बाजूंना फाकते आणि निघून जाते. अडीचशेहून अधिक पावसाळे त्या पाठीवरून गेले आहेत. बांधणाऱ्याने नदीला अडवले नाही, तिला वाट दिली. म्हणून देऊळही राहिले आणि नदीही राहिली.

वाईतून निघालो. गंगापुरीत मराठी विश्वकोशाचे काम चालते, ते मी नातीला सांगितले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला. साऱ्या जगाचे ज्ञान मराठीत आणण्याचे काम या नदीच्या काठी बसून झाले, याचा आपल्याला अभिमान वाटला पाहिजे.

पुढे मेणवलीचा रस्ता. पूर्वी ही गाडीवाट होती. दोन चाकोऱ्या आणि मध्ये गवत. आता डांबरी रस्ता आहे आणि गाड्या सुसाट जातात. आम्ही जमेल तिथे बांधावरून चाललो. उजव्या हाताला पांडवगड, डावीकडे नदीपलीकडे पाचगणीचे सपाट माथे. शाळू पोटरी सोडून कणसाला आला होता. एका शेतात हळदीची काहील पेटली होती आणि उकडलेल्या हळदीचा वास वाटभर पसरला होता. तिथल्या बाईंनी आम्हाला हाक मारून बसवले, तांब्याभर पाणी दिले, मूठभर हुरडा दिला. "कुठल्या गावचे?" म्हणून विचारले. गावाचे नाव सांगताच म्हणाल्या, "म्हणजे देवळाचं काम काढलंय तेच ना?" मंडळी, आपल्या कामाची कीर्ती शिवाराशिवारात पोचली आहे, हे मी तुम्हाला मुद्दाम सांगतो.

वाईपासून तीन किलोमीटरवर मेणवली. नाना फडणवीसांचे गाव. नानांचा जन्म १७४२ चा आणि मृत्यू १८०० चा. पेशवाईचा सारा कारभार ज्यांच्या बुद्धीवर चालला, त्यांनी विसाव्यासाठी ही जागा निवडली. तिथे वाडा बांधला, नदीवर अर्धचंद्राकृती घाट बांधला, घाटावर मेणेश्वराचे आणि विष्णूचे देऊळ बांधले. नात म्हणाली, "आजोबा, हा घाट मी पाहिलाय. सिनेमात!" २००४ साली आलेल्या 'स्वदेस' चित्रपटाचे चित्रण इथे झाले होते. मी म्हटले, "छान. सिनेमात पाहिलास, आता पायाने पाहा." ती चप्पल काढून पायऱ्या उतरली आणि पाण्यात पाय सोडून बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "या पायऱ्या किती बेताच्या आहेत. आजीसुद्धा उतरू शकेल." मंडळी, मी शंभर वेळा त्या घाटावर गेलो असेन. पण हे माझ्या ध्यानात आले नव्हते. डोक्यावर धुण्याचा पिळा घेतलेली बाई, काखेत मूल घेतलेली बाई आणि काठी टेकणारा म्हातारा, या सगळ्यांचा विचार करून ती पायरी घडवली आहे.

मेणवलीच्या घाटावर एक मोठी घंटा आहे. चिमाजीअप्पांनी १७३९ साली वसईचा किल्ला जिंकला, त्या मोहिमेत पोर्तुगीजांकडून मिळालेल्या घंटांपैकी ही एक. तिच्यावर १७०७ हे साल आहे आणि बाळ येशूला घेतलेल्या मेरीमातेची आकृती आहे. लढाईत जिंकलेली घंटा, परक्या धर्माची. पण आणणाऱ्यांनी ती आकृती घासून टाकली नाही. आपल्या देवापाशी टांगली आणि आईचे रूप तसेच ठेवले. जुन्या माणसांपाशी एवढे मन होते.

वाड्याची आणखी एक गोष्ट. नानांचे दप्तर, म्हणजे राज्यकारभाराचे मोडी कागद, या मेणवलीच्या वाड्यात राहिले. पुढे इतिहासकार द. ब. पारसनीस यांनी ते मिळवले आणि त्यांच्या संग्रहातून ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पोचले. मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्यांना या दप्तराचा केवढा तरी उपयोग झाला. कुणी एकाने "ही रद्दी कशाला ठेवायची" म्हणून बंबात घातले असते, तर आपण केवढ्या ठेव्याला मुकलो असतो! हे वाक्य मी दुसऱ्याला उद्देशून बोलत नाही. का, ते पुढे सांगतो.

मेणवलीच्या पुढे भोगाव. इथे वामन पंडितांची समाधी दाखवतात. सतराव्या शतकातले हे थोर पंडित. त्यांनी गीतेवर 'यथार्थदीपिका' ही टीका मराठीत लिहिली. आम्ही तिथे नमस्कार केला आणि भाकरी सोडली. झाडाखाली बसून भाकरी, ठेचा आणि कांदा खाल्ला. नात म्हणाली, असे जेवण मुंबईत मिळत नाही. मी म्हटले, मिळेल, पण त्याआधी दोन कोस चालावे लागेल.

वाटेत आपले गाव लागले. नात थांबू म्हणाली, पण मी थांबू दिले नाही. आधी धोम, मग घर. दुपार कलताना आम्ही धोमला पोचलो. धौम्य ऋषींच्या नावावरून गावाला नाव पडले असे सांगतात. तिथे नरसिंहाचे आणि सिद्धेश्वराचे देऊळ आहे. सिद्धेश्वरासमोरचा नंदी आपण सर्वांनी पाहिला आहे. कमळाच्या आकाराचे दगडी कुंड, त्यात दगडी कासव आणि कासवाच्या पाठीवर नंदीचा मंडप. कुंडात पाणी भरले की पाकळ्या पाण्यावर उमलल्यासारख्या दिसतात आणि नंदी कमळात बसल्यासारखा वाटतो. कुंड कोरडे असेल तर तो नुसता दगड. पाणी आले की ते कमळ होते. म्हणजे त्या कारागिराने निम्मे काम दगडात केले आणि निम्मे पाण्यावर सोपवले.

धोमच्या वरच्या अंगाला धरणाची भिंत. १९७० च्या दशकात हे धरण उभे राहिले. त्याच्या पाण्याने खालची केवढी तरी जमीन भिजली. आज आपल्या शिवारात ऊस दिसतो, हळद दिसते, ती या पाण्याची कृपा. पण ज्यांची घरे आणि शेते त्या पाण्याखाली गेली, त्यांनी आपल्यासाठी काय सोडले, हेही आपण विसरता कामा नये. माझ्या थोरल्या आत्याचे घर त्यात गेले. तिला दूर दुसऱ्या तालुक्यात जमीन मिळाली. ती जिवंत होती तोवर दर वर्षी जत्रेला आपल्या देवळात यायची. दर्शन झाले की देवळामागच्या वाटेने नदीवर जायची, ओंजळभर पाणी डोळ्यांना लावायची आणि म्हणायची, "हे माझ्याच दारावरून आलंय." त्या वेळी मी तरुण होतो. मला तो वेडेपणा वाटायचा. त्या दिवशी धरणाच्या भिंतीखाली उभा राहिलो तेव्हा मला आत्याचे म्हणणे कळले.

आणि इथे मला तुमच्यापुढे एक कबुली द्यायची आहे.

१९८३ साली मी या गावच्या शाळेत नवा होतो. उत्साह फार. देऊळ जुनाट दिसते, गावाला शोभत नाही, असे मला वाटे. ग्रामसभेत ठराव मीच मांडला. दारोदार फिरून वर्गणी मीच गोळा केली. त्या पैशातून देवळाच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा केला, खांबांना आणि छताला ऑइल पेंट लावला आणि सभामंडपाच्या फरशांवर बाजारातल्या चकचकीत टाइल्स बसवल्या. त्या वेळी देऊळ नव्यासारखे दिसले. सर्वांनी माझे कौतुक केले. एका म्हाताऱ्या गवंड्याने तेवढे म्हटले होते, "गुरुजी, दगडाला रंग लावू नका, त्याला श्वास घेता येणार नाही." मी हसलो. दगड कुठे श्वास घेतो? मी शास्त्र शिकवणारा मास्तर!

तो गवंडी शिकलेला नव्हता, पण त्याचे म्हणणे बरोबर होते. जुन्या बांधकामात दगडाच्या सांध्यांत चुना असतो. घाणीवर मळलेला, त्यात गुळाचे पाणी आणि हिरड्याचे पाणी घातलेला. भिंतीत ओल आली की ती चुन्याच्या सांध्यातून हळूहळू बाहेर पडते आणि भिंत वाळते. आम्ही वरून सिमेंट आणि रंग चढवला, तेव्हा ओल आत कोंडली. दहा-पंधरा वर्षांत गाभाऱ्याच्या भिंतीला पोपडे सुटले, सांधे पोकळ झाले, कोपऱ्याचा एक दगड सरकला. आज जे काम आपण केले, त्यातला मोठा भाग माझे त्या वेळचे काम काढून टाकण्याचा आहे. कारागिरांनी महिनोन् महिने बसून एकेका खांबावरचा रंग उतरवला. त्याखालून वेलबुट्टी निघाली, घंटेची साखळी निघाली, एका खांबावर हत्ती निघाला. चाळीस वर्षे तो हत्ती माझ्या रंगाखाली होता. ज्या देणगीदारांच्या पैशातून हे झाले, त्यांचे आभार सर्वजण मानतील. मला त्यांची क्षमाही मागायची आहे, कारण त्यांचा पैसा माझी चूक निस्तरण्यात खर्च झाला.

मंडळी, हसू नका. तुम्ही मला मास्तर म्हणता, तेव्हा चूक दुरुस्त करून वहीवर सही करणे माझे कर्तव्य आहे.

आता त्या दिवसाचा शेवट सांगतो. धोमहून परत आलो तेव्हा दिवस मावळत होता. नात म्हणाली, "आता देवळामागून नदीवर जाऊ. आत्याआजी जायच्या तिथे." मी तिला घेऊन देवळामागे गेलो, आणि वाट सापडली नाही. घाणेरी वाढली होती. मध्ये बोराटीची काटी टाकलेली. जुन्या पायऱ्यांवर बांधकामाची खडी आणि रिकामी सिमेंटची पोती पडली होती. पलीकडे निर्माल्य भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या. नदी ऐकू येत होती, पण तिथे जायला वाट नव्हती. नात काही बोलली नाही. तिने चपलेतला काटा काढला आणि म्हणाली, "आजोबा, सकाळपासून सगळ्यांच्या घाटावर उतरलो. फक्त आपल्याच घाटावर उतरता आले नाही."

तेव्हापासून हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. आपण कळस चढवला, शिखर दुरुस्त केले, खांब मोकळे केले. पुढच्या बाजूला गाड्या लावायला मोठी जागा केली, तीही हवीच होती. पण हे देऊळ ज्यांनी बांधले, त्यांच्या डोळ्यांसमोर मोटारीतून येणारा माणूस नव्हता. नदीवर पाय धुऊन पायऱ्या चढून येणारा माणूस होता. त्याच्यासाठी पायरी बेताची केली, पार बांधला, पाराला वड लावला. वाट, घाट, पार आणि गाभारा हे सगळे मिळून एक देऊळ. ढोल्या गणपतीची पाठ बघा, मेणवलीचा घाट बघा, धोमचे कुंड बघा. यांपैकी एकाला तरी नदीपासून तोडता येईल का? मग आपलेच देऊळ आपण तोडून का ठेवले?

आणि दुसरे. आज या स्मरणिकेत देणगीदारांची यादी छापली आहे. त्यात पाहा. मुंबईच्या बाजारात माथाडीचे काम करून घर उभे करणारे आहेत, गिरणीत आयुष्य काढलेल्यांची मुले आहेत, धरणामुळे दूर गेलेल्या घरांची नातवंडे आहेत. कुणी हजार दिले, कुणी अकरा रुपये दिले. ही माणसे वर्षातून एकदा येतात. त्यांच्या मनात जे गाव आहे, ते रंगाचे नाही आणि टाइल्सचेही नाही. आजी बोट धरून ज्या वाटेने नदीवर न्यायची, ते गाव त्यांच्या मनात आहे. ती वाट बुजली तर ते आपल्या गावात येऊनही पाहुण्यासारखे उभे राहतील. त्यांनी देवळाला पैसे दिले आहेत. त्या बदल्यात त्यांना नदीपर्यंत जायला मोकळी वाट देणे, एवढे आपण करू शकतो. त्याला देणगीची गरज नाही. त्याला कोयता, टिकाव आणि चार सकाळी पुरेत.

म्हणून समितीला माझी तीन मागणी आहेत. पहिली, देवळामागची वाट या पावसाळ्याआधी मोकळी करावी आणि पायऱ्यांचे निखळलेले दगड चुन्यात बसवावेत, सिमेंटात नव्हे. दुसरी, निर्माल्यासाठी पाराजवळ खड्डा करावा. त्याचे खत होईल आणि ते पाराच्याच झाडाला घालता येईल. नदीत पिशवी टाकू नये. तिसरी, देवळाला पुन्हा रंग लावावा असे कुणाही उत्साही माणसाला वाटले, तर त्याने आधी माझ्या घरी यावे. मी नसेन, तर ही स्मरणिका वाचावी.

मुलांनो, तुम्हाला एक सांगतो. ही नदी क्षेत्र महाबळेश्वरला उगम पावते आणि सुमारे १४०० किलोमीटर जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. कर्नाटक, तेलंगण, आंध्र, केवढ्या तरी मुलखाला ती पाणी पाजते. आपल्या वाट्याला तिचे हे आठ-दहा किलोमीटर आले आहेत. नकाशावर ते बोटाच्या नखाएवढेही भरत नाहीत. पण ते जपण्याचे काम दुसरे कुणी करणार नाही. एका सुट्टीच्या दिवशी भाकरी बांधून घ्या आणि वाई ते धोम चालत या. मोठ्या माणसाला बरोबर घ्या. कुठे थकलात तर बसा. वाटेत कुणी पाणी देईल, हुरडा देईल. आणि ढोल्या गणपतीच्या मागे जायला विसरू नका.

माझी नात पुन्हा मुंबईला गेली आहे. परवा तिचे पत्र आले. पत्र म्हणजे आता फोनवरच चार ओळी येतात. तिने विचारले आहे, "वाट झाली का?" मी अजून उत्तर दिलेले नाही. काय उत्तर द्यायचे, ते आज तुम्ही मला सांगायचे आहे.

पंगत वाढायला घेतली आहे असे दिसते.